बीच सॉकर विश्वचषकाचं तिकीट नेमकं कोणत्या सामन्यात मिळतं?

बीच सॉकर म्हणजे वाळूवर खेळायचा पाच-पाच जणांचा फुटबॉल. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "बीच सॉकरच्या विश्वचषकाचे १६ संघ कसे ठरतात? मी पाहत होतो तो संघ आपल्या खंडाच्या स्पर्धेत चौथा आला, गोलही भरपूर केले, तरी तो विश्वचषकाला नाही. उलट कधी नावही ऐकलं नव्हतं असे संघ तिथे खेळताना दिसले. गुणतक्ताही कळेना. दोन सामने जिंकलेल्या संघाचे गुण दोनच, आणि एकच सामना जिंकलेला संघ त्याच्या वर. जागतिक क्रमवारी बघून संघ निवडत नाहीत का?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. क्रमवारी बघून संघ निवडत नाहीत. विश्वचषकाला जगातले सर्वोत्तम १६ संघ जात नाहीत. प्रत्येक खंडाला ठरावीक जागा दिलेल्या असतात आणि त्या जागांमध्ये जे बसतात ते जातात. त्यामुळे "हा संघ जगात कितवा?" असं विचारून उपयोग नाही. "याच्या खंडाला किती जागा आहेत आणि हा तिथे कितवा आला?" हे विचारायचं. तुमचा संघ चौथा आला आणि त्या खंडाला जागा तीनच होत्या, तर विषय संपला. त्याने स्पर्धेत सर्वाधिक गोल केलेले असले तरी.

आता जागा. २०२५ चा विश्वचषक मे महिन्यात सेशेल्समध्ये झाला. त्यातली वाटणी अशी होती: आशियाला ३, आफ्रिकेला २, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनला मिळून २, दक्षिण अमेरिकेला ३, ओशनियाला १, युरोपला ४, आणि यजमान सेशेल्सची १. एकूण १६. सेशेल्स आफ्रिकेत येत असल्यामुळे प्रत्यक्ष मैदानावर आफ्रिकेचे तीन संघ दिसले.

हे आकडे कायमचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. २०२४ मध्ये दुबईत यजमान संयुक्त अरब अमिराती वेगळे धरले होते आणि आशियाचे तीन संघ (इराण, जपान, ओमान) शिवाय होते, म्हणजे आशियाचे एकूण चार. २०१३ ला स्पर्धा ताहितीत झाली तेव्हा ओशनियातून यजमान ताहिती आणि पात्र ठरलेला सॉलोमन बेटांचा संघ असे दोघे खेळले. पण २०१९ ला पॅराग्वेत वेगळंच घडलं. यजमान पॅराग्वे धरून दक्षिण अमेरिकेचे तीनच संघ होते (पॅराग्वे, ब्राझील, उरुग्वे) आणि युरोपचे पाच. म्हणजे यजमानाची जागा कधी खंडाच्या वाट्यावर जादा मिळते, तर कधी त्या वाट्यातूनच जाते. म्हणून कोणत्याही आवृत्तीबद्दल बोलताना त्या वर्षीची वाटणी बघितल्याशिवाय पैज लावू नका.

आता मुख्य मुद्दा. पात्रतेच्या स्पर्धेकडे बघताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: इथे तिकीट, म्हणजे विश्वचषकातली जागा, नेमकं कोणत्या सामन्यात मिळतं? बहुतेक लोक अंतिम सामन्याकडे डोळे लावून बसतात. बऱ्याच खंडांत अंतिम सामना सुरू होतो तोवर तिकिटं वाटून झालेली असतात.

आफ्रिका बघा. तिथे आधी घरच्या आणि बाहेरच्या अशा दोन-दोन सामन्यांच्या प्राथमिक लढती होतात. त्यातून आठ संघांची मुख्य स्पर्धा उभी राहते. चार-चारचे दोन गट, प्रत्येकातले पहिले दोन उपांत्य फेरीत, आणि अंतिम फेरीत पोहोचलेले दोघे विश्वचषकाला. म्हणजे आफ्रिकेत सगळं काही उपांत्य सामन्यावर आहे. २०२४ मध्ये इजिप्तच्या हुर्गाडामध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया अंतिम सामन्यात भिडले, तेव्हा दोघांचीही जागा आदल्या फेरीतच पक्की झालेली होती. अंतिम सामना खंडाच्या विजेतेपदासाठी होता. उपांत्य फेरीत हरलेल्यांना मात्र तिसऱ्या क्रमांकाचा सामना जिंकूनही काहीच मिळत नाही. उत्तर-मध्य अमेरिकेतही दोनच जागा असल्यामुळे चित्र हेच. २०२५ साठी तिथून ग्वातेमाला आणि एल साल्वाडोर गेले, आणि मेक्सिको, अमेरिका ही नेहमीची नावं घरी राहिली.

आशिया आणि दक्षिण अमेरिकेत जागा तीन. इथे उपांत्य सामना जिंकणारे दोघे जातात आणि हरलेल्या दोघांना आणखी एक संधी मिळते, ती म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा सामना. इतर खेळांत हा सामना कुणी फारसा मनावर घेत नाही. इथे तो अख्ख्या स्पर्धेतला सगळ्यात जीवघेणा सामना असतो. कारण अंतिम सामना खेळणाऱ्यांना हरण्याची भीती नसते, आणि या दोघांपैकी एकाचं दोन वर्षांचं काम त्या एका सामन्याच्या ३६ मिनिटांत वाया जाणार असतं. २०२५ ला थायलंडमधल्या पट्टाया इथे झालेल्या आशियाई स्पर्धेत १६ संघ होते. त्यातून इराण, ओमान आणि जपान पुढे गेले. तुमच्या "चौथ्या" संघाचं उत्तर इथेच आहे. उपांत्य फेरीपर्यंत आलेल्या चौघांतला तो एकटा बाहेर पडला.

ओशनियात एकच जागा, म्हणून तिथे अंतिम सामना खरोखर अंतिम असतो. सुरुवातीच्या वर्षांत सॉलोमन बेटं जायची, नंतर ताहितीने पकड बसवली. ताहिती म्हणजे खंडात एकच जागा असलेला छोटा संघ, असं समजू नका बरं. २०१५ आणि २०१७ असे लागोपाठ दोन विश्वचषक ते उपविजेते होते. एका जागेच्या खंडातून आलेला संघ कच्चाच असणार, हा समज त्यांनीच खोटा ठरवला.

युरोपात जागा चार. सरळ बाद फेरी असेल तर उपांत्यपूर्व सामना हाच तिकिटाचा सामना. जिंकलात की गेलात. पण युरोपातली रचना वेळोवेळी बदलत आली आहे. कधी बाद फेरीनंतर पुन्हा गट पाडून साखळी खेळवतात, आणि मग एका सामन्यावर निकाल लागत नाही. २०२५ साठीची युरोपची पात्रता स्पर्धा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या कादिसला झाली. तिथून पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि बेलारूस गेले. युरोप हा सगळ्यात निर्दय खंड आहे. इथे पाचव्या-सहाव्या क्रमांकाचे संघसुद्धा इतर काही खंडांत आरामात पात्र ठरले असते. स्वित्झर्लंडसारखा अनुभवी संघ घरी बसलेला दिसला तर त्याचं कारण त्याची घसरण असेलच असं नाही. कारण जागाच कमी आहेत.

गतविजेत्यालाही सूट नसते. २०१९ चा विजेता पोर्तुगाल पुढच्या वेळी पात्रता फेरीतूनच आला. २०२१ ला मॉस्कोत रशियन फुटबॉल युनियनच्या नावाने खेळलेला संघ विजेता ठरला, पण २०२२ पासूनच्या बंदीमुळे रशियाला पुढच्या पात्रतेत उतरताच आलं नाही. मैदानाबाहेरच्या अशा कारणांनीही एखादं ओळखीचं नाव गायब होतं.

आणखी एक गफलत नेहमी होते. दुबईत इंटरकॉन्टिनेंटल कप नावाची स्पर्धा होत आली आहे, युरोपात युरो बीच सॉकर लीग चालते. त्यातले निकाल बघून लोक "हा संघ विश्वचषकाला असणारच" असं धरून चालतात. इंटरकॉन्टिनेंटल कप ही निमंत्रितांची स्पर्धा आहे. तिचा आणि पात्रतेचा काही संबंध नाही. युरो लीगही स्वतंत्र आहे. या स्पर्धांमुळे संघाची क्रमवारी सुधारते, आणि क्रमवारी चांगली असेल तर ड्रॉमध्ये, म्हणजे गट पाडण्याच्या सोडतीत, वरच्या भांड्यात (तगड्या संघांच्या चिठ्ठ्यांत) नाव पडू शकतं. त्यातून थोडा सोपा गट मिळतो, एवढाच अप्रत्यक्ष फायदा. दक्षिण अमेरिकेत मात्र उलटी फसगत होते. पूर्वी तिथे कोपा अमेरिका आणि विश्वचषकाची पात्रता वेगवेगळी व्हायची. अलीकडे कोपा अमेरिकाच पात्रता म्हणून धरली जाते. २०२५ साठी चिलीतल्या इकिकेमधून ब्राझील, पॅराग्वे आणि यजमान चिली असे तिघे गेले. जुन्या सवयीने "ही तर नुसती कोपा आहे" म्हणून सोडून दिलं असेल, तर तुम्ही पात्रतेचेच सामने चुकवलेत.

आता गुणतक्ता. तुम्ही तो चुकीचा वाचलेला नाही. बीच सॉकरमध्ये बरोबरी नसते. प्रत्येक सामन्याचा निकाल लागतो, पण विजय कसा मिळवला यावर गुण ठरतात. नियमित वेळेत जिंकलात तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलात तर २, पेनल्टी शूटआउटवर जिंकलात तर १. हरणाऱ्याला शून्य, तो कसाही हरलेला असो. नेहमीच्या फुटबॉलची सवय असलेल्यांना हे शेवटचं सगळ्यात जास्त खटकतं. ५-५ अशी झुंज देऊन पेनल्टीवर हरलेल्या संघाच्या खात्यात काहीही जमा होत नाही.

नियमित वेळ म्हणजे १२ मिनिटांचे तीन भाग, मध्ये तीन-तीन मिनिटांची विश्रांती. गोल झाला, फाउल झाला, वेळकाढूपणा दिसला की घड्याळ थांबतं, त्यामुळे कागदावरची ३६ मिनिटं प्रत्यक्षात बरीच लांबतात. जादा वेळ फक्त तीन मिनिटांचा. त्यानंतर पेनल्टी.

म्हणजे तुमचा दोन गुणांचा संघ दोन्ही सामने पेनल्टीवर जिंकलेला होता. एक अधिक एक, दोन. त्याच्या वरचा संघ एकच सामना जिंकला, पण नियमित वेळेत, म्हणून तीन. शूटआउटचा विजय दिसायला विजय असतो. तक्त्यात त्याची किंमत एक तृतीयांश.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते बघा. गटात चार संघ: क, ख, ग, घ. क तिन्ही सामने पेनल्टीवर जिंकला, म्हणून त्याचे ३ गुण. ख ने ग ला नियमित वेळेत चार गोलांच्या फरकाने हरवलं, ग ने घ ला पाच गोलांनी, आणि घ ने ख ला एका गोलाने. आता ख, ग, घ प्रत्येकाचा नियमित वेळेतला एक विजय, म्हणजे प्रत्येकी ३ गुण. चौघेही समान. गोलफरक काढा. पेनल्टीचे गोल त्यात धरत नाहीत, त्यामुळे क चा फरक शून्य. ख चा अधिक ३, ग चा अधिक १, घ चा उणे ४. वरचे दोन कोण? ख आणि ग. तीनपैकी तीन सामने जिंकलेला क घरी. असं रोज घडत नाही, पण नियमात याला पूर्ण जागा आहे. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक "पेनल्टीवर बघून घेऊ" असं गटसाखळीत कधी म्हणत नाहीत.

समान गुण झाले तर काय? सर्वसाधारण पद्धत अशी: आधी त्या संघांमधल्या आपापसातल्या सामन्यांचे गुण, मग त्याच सामन्यांतला गोलफरक, मग त्यातले गोल. तरीही सुटलं नाही तर संपूर्ण गटातला गोलफरक, मग एकूण गोल, मग शिस्तीचे गुण, शेवटी चिठ्ठी. पण हा क्रम स्पर्धेगणिक बदलू शकतो. काही ठिकाणी संपूर्ण गटाचा गोलफरक आधी धरतात. हा फरक किरकोळ नाही. आपापसातला सामना आधी धरला जात असेल, तर दुबळ्या संघावर बारा गोल चढवून फारसं काही साधत नाही. गोलफरक आधी धरला जात असेल, तर तेच बारा गोल तुम्हाला पुढे नेऊ शकतात, आणि मग ७-१ अशी आघाडी असतानाही मुख्य खेळाडूंना बसवून ठेवणं महागात पडतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या खेळात गोल पडतातच. विश्वचषकात एका सामन्याला आठ-नऊ गोल हे काही नवल नाही. २०११ चा रावेन्नातला अंतिम सामना रशियाने ब्राझीलविरुद्ध १२-८ असा जिंकला. मैदान जेमतेम ३५ ते ३७ मीटर लांब, गोल साडेपाच मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच. म्हणजे मैदानात कुठूनही मारलेला फटका आत जाऊ शकतो. फ्री किकला भिंत उभी करता येत नाही. फटका मारणारा आणि गोल यांच्या मधली जागा मोकळी सोडावी लागते, समोर फक्त गोलरक्षक. त्यामुळे दोन मिनिटांत तीन गोलांची आघाडी पुसली जाते, आणि शेवटच्या मिनिटातला एक बिनकामाचा गोल पुढे गोलफरकात मोलाचा ठरतो.

आता एक प्रसंग जवळून बघू, म्हणजे हे सगळं गणित मैदानावर कसं उतरतं ते कळेल. गटातला शेवटचा सामना ख विरुद्ध ग. क चे तिन्ही विजय नियमित वेळेतले, त्यामुळे तो ९ गुणांवर पहिला. घ शून्यावर, बाहेर. ख चे ३ गुण (घ ला नियमित वेळेत हरवलं), ग चा १ (घ ला पेनल्टीवर हरवलं). दुसरी जागा या दोघांत. बीच सॉकरच्या स्पर्धा बहुधा एकाच मैदानावर, एकामागून एक सामने लावून होतात. त्यामुळे शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी होतात असं नाही. क–घ सामना आधीच होऊन गेलेला आहे आणि दोघांनाही गणित अचूक माहीत आहे.

ग नियमित वेळेत जिंकला तर १ अधिक ३, चार गुण, ग पुढे. ग जादा वेळेत जिंकला तर १ अधिक २, तीन गुण, ख च्या बरोबरीला. आपापसातला सामना आधी धरला जात असेल तर ग पुढे. ग पेनल्टीवर जिंकला तर १ अधिक १, दोनच गुण, आणि सामना हरूनही ख पुढे.

आता ४-४, घड्याळात एक मिनिट वीस सेकंद शिल्लक. ग चा गोलरक्षक चेंडू घेऊन स्वतःच मधल्या रेषेपर्यंत चढतो, कारण पाचवा माणूस पुढे आणला तरच समोरची मांडणी फुटेल. ख चे चौघे पेटीसारखे आखडून उभे राहतात, दोन पुढे, दोन मागे, आणि फाउल होऊ नये म्हणून हात पाठीमागे बांधल्यासारखे खेळतात. चेंडू बाहेर गेला की ख सावकाश चालत येतो. जादा वेळेची तीन मिनिटंही हेच चालतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ख घाबरला. घाबरलेला नाही. पेनल्टीपर्यंत सामना नेला की त्याचं काम झालं. आणि हाच सामना गोलफरक आधी धरणाऱ्या नियमावलीखाली असता, तर जादा वेळेतल्या गोलानेही ग ची जागा पक्की झाली नसती. मग ग ला ३६ मिनिटांतच सगळं करावं लागलं असतं आणि तो कदाचित दहा मिनिटं आधीच गोलरक्षक पुढे घेऊन आला असता.

पात्रता हुकते ती बहुतेक वेळा कौशल्याअभावी नव्हे. जी कारणं वारंवार दिसतात ती सांगतो.

पहिलं कारण पाय. वाळूची खोली किमान ४० सेंटिमीटर असावी लागते, आणि तीत प्रत्येक पाऊल रुततं. पात्रता स्पर्धेत आठ-दहा दिवसांत पाच-सहा सामने होतात. मैदानावर गोलरक्षक धरून पाच जण. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे शहाणे संघ चार-चार जणांच्या दोन चौकड्या बनवतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी चौकडी बदलतात. कमजोर संघ काय करतात? एक चांगली चौकडी असते, तिलाच राबवतात. गटातले सामने जिंकतात. मग उपांत्य सामन्याच्या तिसऱ्या भागात पाय उचलत नाहीत, फटका गोलावरून जातो, परत धावायला कुणी उरत नाही. गटात छान खेळलेला संघ अचानक का कोसळला, असं तुम्हाला वाटलं असेल तर आधी हे तपासा: दुसऱ्या चौकडीला पहिल्या तीन सामन्यांत किती मिनिटं मिळाली? बदल करतानाही घाई नडते. बाहेर येणारा बाहेर पडायच्या आत नवा खेळाडू मैदानात शिरला की पिवळं कार्ड.

दुसरं कारण कार्डं. लाल कार्ड मिळालं की संघाला दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं, मग दुसरा खेळाडू आत येऊ शकतो. तीन विरुद्ध चार मैदानी खेळाडू असताना दोन मिनिटं खूप मोठी असतात. त्याहून वाईट म्हणजे तो खेळाडू पुढच्या सामन्याला नसतो, आणि पुढचा सामना हाच तिकिटाचा असू शकतो. मी संघाच्या तयारीत तिकिटाचा सामना आधी शोधायला लावतो तो यासाठीच. त्याच्या आदल्या सामन्यात, निकाल हातात असताना, कार्डाच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूला बाकावर बसवायचं धाडस दाखवावं लागतं.

तिसरं, उपांत्य सामना हरल्यानंतरचे ते एक-दोन दिवस. तीन जागांच्या खंडात अजून संधी आहे हे डोक्याला कळतं, पण खेळाडूंचे चेहरे पडलेले असतात. उपांत्य सामना हातातून गेल्याचं दिसताच, म्हणजे चार-पाच गोलांनी मागे पडल्यावर शेवटच्या भागात, मुख्य चौकडीला विश्रांती देणारा प्रशिक्षक मला नेहमी बरोबर वाटतो. प्रेक्षकांना ते शरणागतीसारखं दिसतं. पण तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तेच पाय लागणार असतात.

चौथं, गोल केल्यानंतरचा पहिला अर्धा मिनिट. मधल्या ठिपक्यावरून एकाने चेंडू अलगद उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने तो हवेतच गोलाकडे मारायचा, हा या खेळातला नेहमीचा डाव. गोल केलेला संघ अजून आनंदात असतो, मांडणी लागलेली नसते. त्या फटक्याला आडवं जायची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरलेलं नसेल तर बरोबरी लगेच परत येते. वर सांगितलेल्या गुणपद्धतीत अशा एका गोलाने तीन गुणांचा विजय एका गुणावर येतो.

मुख्य स्पर्धेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १६ संघ, चारांचे चार गट, पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत, पुढे सरळ बाद फेरी. एकूण ३२ सामने, आणि विजेत्याच्या वाट्याला सहा. ड्रॉ करताना एकाच खंडाचे संघ शक्यतो एका गटात येऊ देत नाहीत, तरी गट समतोल होतातच असं नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला ६-४ हरवलं होतं, आणि २०२५ ला तेच दोघे ओमान आणि एल साल्वाडोरसह एकाच गटात आले. पुढे ब्राझीलने अंतिम सामन्यात बेलारूसला ४-३ असं हरवून ती आवृत्तीही जिंकली. कधी नावही न ऐकलेल्या संघांबद्दल तुम्ही विचारलंत, तर सेशेल्स, मॉरिटानिया आणि ग्वातेमाला तिथे पहिल्यांदाच खेळत होते. पहिला यजमान म्हणून आला, बाकीचे दोघे आपापल्या खंडातला उपांत्य सामना जिंकून आले. त्यांची जागा कुणाची हिसकावलेली नव्हती.

काही गोष्टी वेळापत्रकावरही अवलंबून असतात आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. २०२५ साठी आफ्रिका आणि युरोपचे संघ ऑक्टोबरच्या आसपास ठरले, म्हणजे त्यांच्या हातात अर्धं वर्ष होतं. आशियाची स्पर्धा मार्चमध्ये होती आणि विश्वचषक १ मे ला सुरू झाला. एवढ्या कमी वेळात दुखापती भरून काढायच्या, प्रवासाची सोय करायची, नवे प्रतिस्पर्धी अभ्यासायचे. उशिरा पात्र ठरलेल्या संघाला एक फायदाही असतो, खेळाची लय टिकलेली असते. लवकर ठरलेल्यांना सहा महिन्यांत ती टिकवायला सराव सामने शोधावे लागतात. यात कोणती बाजू भारी, हे संघाच्या देशांतर्गत लीगवर ठरतं. लीग वर्षभर चालत असेल तर लवकर पात्र होणं चांगलं, नसेल तर उशीर परवडतो.

पुढच्या पात्रतेच्या वेळी तुमचा संघ खेळायला लागला की त्या स्पर्धेची नियमावली उघडा आणि सामने सुरू व्हायच्या आधी तीन ओळी शोधा: खंडाला जागा किती आणि यजमान त्यात धरलाय की वेगळा, समान गुणांवर आधी आपापसातला सामना बघतात की गोलफरक, आणि किती पिवळ्या कार्डांवर एक सामना बाहेर बसावं लागतं. मग वेळापत्रकात तिकिटाच्या सामन्यावर खूण करा. तीन जागा असतील तर खुणा दोन करा, उपांत्य सामन्यावर एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यावर दुसरी.